गेमच्या कॅसेटी, फ्लॉप्या, पार्लरच्या वह्या : जपायच्या कशा

माळ्यावरून व्हिडिओ गेमची जुनी कॅसेट, कॉम्प्युटर क्लासातली फ्लॉपी किंवा गेम पार्लरच्या हिशेबाची वही निघाली, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी हे वाचून घ्या. सोलापुरात नवी पेठेच्या मागच्या बाजूला माझं दुरुस्तीचं दुकान आहे. आधी टीव्ही आणि टीव्ही गेम दुरुस्त करायचो, पुढे कॉम्प्युटर आले, आता लॅपटॉप आणि मोबाइल. गिऱ्हाइकांनी परत नेलाच नाही असा माल, बंद पडलेल्या पार्लरची खोकी, क्लासवाल्यांनी रिकामी केलेली कपाटं, हे सगळं माझ्याकडे साठत गेलं. ते सांभाळता सांभाळता जी पद्धत बसली ती इथे देतोय. पैसा फार लागत नाही. वेळ लागतो आणि क्रम पाळावा लागतो.

काय जपायचं ते आधी ठरवा

कुणी मारिओची कॅसेट घेऊन आला की पहिला प्रश्न असतो, "याचे किती येतील?" मी सांगतो, आतला गेम दुर्मिळ नाही. सुपर मारिओ ब्रदर्स १९८५ चा. अख्खा गेम ४० केबीत मावतो आणि त्याच्या कोट्यवधी प्रती विकल्या गेल्यात. तो कुठे जात नाही. पण तुमच्या कॅसेटवर दुकानाचा शिक्का आहे, बॉलपेनने घातलेला भाड्याचा नंबर आहे, लेबलावर मारिओच्या जागी भलत्याच कुणाचं तरी चित्र आहे. तसली दुसरी कॅसेट मिळायची नाही. गेम कुणी बनवला, कुणी छापला, कुणी गावात आणला, कितीला विकला, भाड्याने कसा फिरला, हा इतिहास असल्या शिक्क्यांत आणि नंबरांत राहिलेला असतो. म्हणून माझ्या यादीत बाजारातला तयार गेम शेवटी येतो. आधी कागद, मग माणसांच्या आठवणी, मग इथल्या पोरांनी स्वतः लिहिलेले प्रोग्रॅम, मग यंत्रं.

कागद आधी का? सुरुवातीच्या काळात या धंद्याने स्वतःच्या खुणा ठेवल्याच नाहीत. अमेरिकेत केन आणि रॉबर्टा विल्यम्स या नवरा-बायकोने १९८० मध्ये मिस्टरी हाऊस हा गेम काढला, तो झिप लागणाऱ्या साध्या प्लास्टिकच्या पिशवीत फ्लॉपी आणि माहितीचा कागद घालून विकला जायचा. तो कागद कोण ठेवणार? अटारी कंपनी तर बनवणाऱ्याचं नावही गेमवर घालत नसे. वॉरन रॉबिनेटने अ‍ॅडव्हेंचर नावाच्या गेममध्ये एक गुप्त खोली करून तिथे आपलं नाव लपवलं. तिथलेच चार प्रोग्रॅमर १९७९ मध्ये बाहेर पडले, त्यांनी अ‍ॅक्टिव्हिजन काढली आणि खोक्यावर प्रोग्रॅमरचं नाव यायला लागलं. कॅरोल शॉ या बाईंनी १९८२ मध्ये त्याच कंपनीसाठी रिव्हर रेड बनवला. त्यांनी आपल्याजवळचे गेम, खोकी आणि प्रोग्रॅमची कागदपत्रं २०१७ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या स्ट्राँग म्युझियमला दिली. घरात ठेवलं होतं म्हणून देता आलं.

व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन नावाच्या संस्थेने २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा अमेरिकेत २०१० च्या आधी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज कुठेच विकत मिळत नाहीत असं आढळलं. जिथे कंपन्यांची दप्तरं आहेत तिथली ही गत. आपल्याकडे दप्तरच नव्हतं. तैवान-हाँगकाँगकडचा बिननावाचा माल, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचा घाऊक व्यापारी, आणि नवी पेठेतला दुकानदार, असा आपला 'प्रकाशक' तीन ठिकाणी विभागलेला होता. त्यातलं तिसरं ठिकाण आपल्या गावात आहे. ते आपण नाही नोंदवलं तर दुसरं कोण नोंदवणार?

सामान बघताना काही नावांवर नजर ठेवा. टीव्ही गेममध्ये समुराई, लिटल मास्टर, मीडिया. सेगाची यंत्रं भारतात शॉ वॉलेसने, म्हणजे दारूच्या धंद्यातल्या कंपनीने, नव्वदच्या दशकाच्या मध्यावर विकली. त्याची बिलं, वॉरंटी कार्डं सापडली तर सोनं समजा. शाळांच्या अडगळीत बीबीसी मायक्रो हा ब्रिटिश कॉम्प्युटर असू शकतो. १९८४-८५ पासून 'क्लास' या सरकारी योजनेत ते शाळाशाळांत दिले होते. डेसिबेल्स कंपनीचा डीबी स्पेक्ट्रम प्लस हा ब्रिटिश स्पेक्ट्रमचा परवाना घेऊन इथे काढलेला कॉम्प्युटर. त्याचे गेम साध्या गाण्याच्या कॅसेटवर यायचे, त्यामुळे लताबाईंच्या कॅसेटींच्या ढिगातसुद्धा ते मिसळलेले असतात. चिप आणि डिजिट मासिकांबरोबर यायच्या त्या सीड्या टाकू नका. आणि जुने नोकिया. बेंगळुरूत ध्रुव इंटरॅक्टिव्ह १९९७ मध्ये आणि मुंबईत इंडियागेम्स १९९९ मध्ये सुरू झाली. इंडियागेम्ससारख्यांनी मोबाइलवरचे जे जावा गेम काढले ते ज्या वॅप साइटवरून (जुन्या मोबाइलवरच्या इंटरनेटवरून) उतरवून घेत होतो त्या कधीच बंद पडल्या. त्यातले बरेचसे गेम आता जुन्या फोनमध्येच मिळतील.

हात लावण्याआधी फोटो

खोकं उघडलं की लगेच उपसायचं नाही. वरून एक फोटो, एकेक थर निघेल तसा एकेक फोटो. कोणती वस्तू कशाबरोबर होती हीसुद्धा माहिती आहे. कॅसेटबरोबर रबरात गुंडाळलेली चिठ्ठी त्याच कॅसेटची असते. वेगळी केली की ती चिठ्ठी कुणाचीच राहत नाही.

मग शंभर पानी वही घ्या. मोबाइलवरचं अ‍ॅप नको, अ‍ॅप बंद पडतं. प्रत्येक वस्तूला नंबर, आणि पुढे: काय आहे, कुणाकडून आलं, त्यांनी तोंडी काय सांगितलं, तारीख, अवस्था. "कुणाकडून आलं" हा रकाना कधीही रिकामा सोडायचा नाही. नंबर वस्तूवर लिहायचा नाही, चिकटवायचाही नाही. कागदाच्या कपट्यावर पेन्सिलीने लिहून वस्तूबरोबर पिशवीत टाकायचा. रबरबँड काढून टाका. आपल्या उन्हाळ्यात ते वितळून लेबलावर बसतात आणि लेबल घेऊनच निघतात. यू-पिना गंजतात, त्याही सावकाश काढा.

सफाई फोटोनंतर. मऊ ब्रशने धूळ, बस. लेबलावर काहीही ओलं लावू नका.

कॅसेट

आपण जिला कॅसेट म्हणतो त्या काळ्या-पिवळ्या डबीत एक छोटी पाटी (सर्किट बोर्ड) असते, खाली ६० पिना. पिना काळवंडल्या की गेम लागत नाही आणि आपण सगळे फुंकर मारायचो. फुंकरीतल्या दमटपणाने पिना आणखी खराब होतात. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन फक्त पिनांवर फिरवा, सुकू द्या, दुसरी काडी घ्या. काडी पांढरी येईपर्यंत. खोडरबराने घासायची सवय बऱ्याच मेकॅनिकांना आहे; त्याने पिनेचा मुलामा जातो, मी करत नाही.

डबी उघडायची की नाही? स्क्रू असेल तर उघडा, खटक्यांची असेल आणि प्लास्टिक कडक झालं असेल तर राहू द्या. उघडलीत तर दोन प्रकार दिसतील. एक म्हणजे काळ्या डांबरासारख्या गोळ्याखाली चिप पुरलेली. तिथे काही करायचं नाही, पाटीवरचे नंबर वाचता येतील असा दोन्ही बाजूंचा फोटो काढायचा. दुसरा प्रकार जास्त नाजूक: चिपच्या पाठीवर काचेची गोल खिडकी आणि तिच्यावर कागदाचा स्टिकर. ही ईप्रॉम. या खिडकीतून अतिनील प्रकाश गेला की आतला गेम पुसला जातो. त्यासाठीच ती खिडकी ठेवलेली असते. स्टिकर डिंक सुकून सुटायला आला असेल तर तो काढून टाकू नका, त्यावरच अपारदर्शक टेप लावा, मग पाटी उन्हात नेऊन फोटो काढा. काही स्टिकरांवर हाताने लिहिलेली तारीख असते. एकाच मालाच्या दोन कॅसेटींवर वेगवेगळ्या तारखा दिसल्या तर दोघींचेही फोटो घ्या, माल किती दिवस निघत होता ते त्यावरून कळतं.

"९९९९ इन १" लिहिलेल्या कॅसेटीत तेवढे गेम नसतात हे सगळ्यांना माहीत आहे. पाच-दहा गेम असतात, बाकीच्या ओळींत तेच गेम वेगळ्या नावाने आणि वेगळ्या लेव्हलपासून सुरू होतात. पण ती यादी बघण्यासारखी आहे. नावं कुणी बदलली, कोणती लेव्हल आधी दिली, यात विकणाऱ्याचं डोकं दिसतं. गेमच्या पिवळ्या एव्ही पिनेतून यूएसबी कॅप्चर कार्डाने कॉम्प्युटरला जोडा आणि मेन्यूची सगळी पानं सावकाश सरकवत रेकॉर्ड करा. आतला डेटा उतरवायचा असेल तर सॅनीसारखे खुल्या आराखड्याचे कार्ट्रिज रीडर, म्हणजे कॅसेट वाचणारी यंत्रं, मिळतात, पण अशा बहुगेमी पाट्यांची जोडणी विचित्र असते, पहिल्या फटक्यात अर्धवटच उतरतं. अर्धवट उतरलं तर फाइलच्या नावातच "अपूर्ण" लिहा.

फ्लॉपी

इथे जरा थांबून वाचा, कारण आपल्या गावात कुणी गेम *लिहिला* असेल तर तो इथेच सापडणार. नव्वदच्या दशकात क्लासांत जीडब्ल्यू-बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवायचे, इंजिनिअरिंगची पोरं टर्बो सी वर प्रोजेक्ट करायची. साप-शिडी, फुलीगोळा, धावती गाडी. ते सगळं फ्लॉप्यांवर आहे आणि फ्लॉपीचा चुंबकी थर म्हातारा होतोय.

असं जुनं काम टिकून हाती लागतं याला दाखले आहेत. कोलोसल केव्ह अ‍ॅडव्हेंचर हा विल क्राउदरने १९७६ च्या सुमारास लिहिलेला गेम. डॉन वूड्सने पुढे त्यात भर घातली आणि तो जगभर गेला. क्राउदरचा मूळ प्रोग्रॅम हरवला असंच सगळे धरून चालले होते. वूड्सच्या स्टॅनफर्डमधल्या जुन्या खात्याच्या बॅकअपमध्ये तो २००५ मध्ये मिळाला. प्रिन्स ऑफ पर्शिया १९८९ चा. त्याचा मूळ कोड जॉर्डन मेकनरच्या वडिलांना २०१२ मध्ये घरातल्या खोक्यात फ्लॉप्यांवर सापडला, आणि जाणकार माणसांनी जुनं यंत्र जोडून तो उतरवला. दोन्ही वेळा वस्तू जपली होती.

पहिलं काम, लिहिण्यावर बंदी घाला. साडेतीन इंचीत कोपऱ्यातली खिटी सरकवून भोक उघडं करा. सव्वापाच इंचीत उलट आहे, बाजूची खाच टेपने झाका. यात घोटाळा करू नका. मग झाकण सरकवून काळी तबकडी उजेडात बघा. पांढुरके डाग दिसले तर ती बुरशी. ती फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालायची नाही, ड्राइव्हच्या वाचणाऱ्या हेडला लागून पुढच्या सगळ्या फ्लॉप्या ओरबाडल्या जातील. वेगळ्या पिशवीत ठेवा. संशय असेल तर प्रत्येक फ्लॉपीनंतर हेड पुसा.

विंडोजने "फॉरमॅट करायचं का?" विचारलं तर उत्तर एकच, नाही.

बाजारातला यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह पीसीच्या साध्या साडेतीन इंची फ्लॉप्यांना चालतो. सव्वापाच इंची, बीबीसी मायक्रोची किंवा खराब सेक्टर असलेली असेल तर ग्रीसविझल नावाची छोटी पाटी मागवा आणि तिला ३४ पिनांच्या केबलने जुना ड्राइव्ह जोडा. ही पाटी फाइली वाचत बसत नाही. तबकडीवरचे चुंबकी बदल जसेच्या तसे उतरवते. आज वाचता आलं नाही तरी उद्या त्याच नोंदीवरून प्रयत्न करता येतो, फ्लॉपीला पुन्हा हात लावावा लागत नाही. ती मूळ नोंद ठेवा आणि तिच्यावरून साधी इमेज, म्हणजे पूर्ण फ्लॉपीची एकाच फाइलीतली नक्कल, वेगळी काढा. १.४४ एमबीची इमेज बरोबर १४,७४,५६० बाइटची असते, ३६० केबीची ३,६८,६४० ची. आकडा कमी भरला तर वाचन पुरं झालेलं नाही.

इमेज मिळाली की तिचा हॅश, म्हणजे फाइलीतल्या मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा, काढून वहीत उतरवा. सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट-क्लिक करून एसएचए-२५६ निवडा, लांबलचक आकडा येतो. वर्षाने पुन्हा काढा. तोच आला तर फाइल शाबूत.

आता आतल्या फाइली. जीडब्ल्यू-बेसिकचा प्रोग्रॅम नोटपॅडमध्ये उघडला की अगम्य चिन्हं दिसतात आणि लोक "खराब झालंय" म्हणून टाकून देतात. खराब नसतं. बेसिक मुळातच आपल्या सांकेतिक रूपात सेव्ह करायचं. डॉसबॉक्स या जुने डॉस प्रोग्रॅम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जीडब्ल्यू-बेसिक चालवून फाइल लोड करा आणि सेव्ह करताना नावानंतर स्वल्पविराम देऊन ए लिहा. साधा मजकूर मिळतो. मूळ फाइल मात्र तशीच ठेवायची. टर्बो सी चा गेम असेल तर एकटी ईएक्सई फाइल उचलू नका. ग्राफिक्सवाले प्रोग्रॅम बहुतेक वेळा ईजीएव्हीजीए.बीजीआय ही फाइल शेजारी शोधतात, ती नसली की चालत नाहीत. पूर्ण फोल्डर घ्या. कोणत्या मशीनवर लिहिला होता तेही विचारून घ्या. ४.७७ मेगाहर्ट्झच्या एक्सटी या जुन्या पीसीवर रमतगमत चालणारी गाडी आजच्या कॉम्प्युटरवर दिसतसुद्धा नाही, इतक्या वेगात पळते. डॉसबॉक्समध्ये 'सायकल' (वेगाचा आकडा) कमी करून वेग जुळवावा लागतो आणि बरोबर वेग कोणता हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

मराठीत टाइप केलेले कागद असतील, दरपत्रक, प्रोजेक्ट रिपोर्ट, तर ते श्रीलिपी किंवा सीडॅकच्या आयएसएम-जिस्ट फाँटमध्ये असतील. युनिकोडच्या आधीचे आहेत. फाँट नसला की निव्वळ चिन्हांचा कचरा. तोच फाँट शोधा, कागद उघडून पीडीएफ करा, आणि पीडीएफ, मूळ फाइल, फाँट तिन्ही एकत्र ठेवा.

बाकीचं थोडक्यात

सीडीत गाण्याचे ट्रॅक असतील तर आयएसओ प्रकारची फाइल करू नका, संगीत हरवतं. बिन आणि क्यू अशी फाइलींची जोडी काढा. सीडीच्या वरच्या बाजूला पेनाने लिहू नका. जुनी हार्डडिस्क आवाज करत असेल तर परत परत चालू करून बघू नका. एकदाच लावा आणि डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने प्रत काढा, ते आधी सोपा भाग वाचून घेतं आणि अडलेला भाग शेवटी करतं. २८६-३८६ च्या मदरबोर्डवरची पिंपासारखी निळी बॅटरी आजच कापून काढा, ती गळून तांब्याच्या रेघा खाते. नोकियाची फुगलेली बॅटरी काढून बाहेर ठेवा, फोनमधून जावा गेमच्या जार आणि जॅड दोन्ही फाइली उतरवा.

कागद ६०० डीपीआयवर रंगीत स्कॅन करून टिफमध्ये ठेवा. कोरी पानंसुद्धा. कडा कापू नका, डाग पुसू नका. वहीत फुली मारलेल्या ओळी असतात त्या नीट दिसायला हव्यात. भाडं वाढलं की पार्लरवाला जुना आकडा खोडूनच नवा लिहायचा.

गावच्या वर्तमानपत्रांतल्या जाहिराती विसरू नका. संचारच्या आणि इतर दैनिकांच्या सोलापूर आवृत्त्यांच्या जुन्या फायलींत दिवाळीचे आणि गड्ड्याच्या यात्रेच्या आसपासचे अंक चाळा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या जाहिराती त्याच दिवसांत असतात. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या ठिकाणी आधी विचारून जा. आणि ओळखीच्या घरांतले फोटो अल्बम बघा. यात्रेत काढलेल्या फोटोत पुढे घरची मंडळी असतात, मागे गेमचा स्टॉल.

माणसं

हे काम सगळ्यात महत्त्वाचं आणि याला मुदत आहे. पार्लर चालवलेली माणसं आता साठी-सत्तरीत आहेत.

मोबाइलवर रेकॉर्ड केलं तरी चालेल, पण वेव्ह (.wav) फाइलमध्ये करा, आणि पंखा बंद करा. सोलापूरच्या पूर्व भागात घरालाच लागून यंत्रमाग असतो, त्याच्या खटखटीत काही ऐकू येत नाही. सुट्टीचा दिवस किंवा लाइट गेलेली वेळ बघून जा. रिकाम्या हाताने जाऊ नका. "तुमच्या आठवणी सांगा" म्हटलं की माणूस गप्प होतो. वस्तू हातात द्या. मी एका अण्णांकडे त्यांच्याच पार्लरचा तुटका रिमोट घेऊन गेलो होतो. आपल्याकडे जॉयस्टिकला रिमोटच म्हणायचे. त्यांनी तो उलटा-सुलटा केला आणि म्हणाले, "हे ए बटण बघ. पोरं याच्यावर जीव काढायची. रबर गेलं की आम्ही कॅल्क्युलेटरचं कापून घालत होतो."

"कुठला कॅल्क्युलेटर, अण्णा?"

"भंगारातला. मंगळवार बाजारातनं आणायचो की."

"आणि पैसे कसे घेत होता? वेळेच्या हिशेबानं?"

"आधी वेळेच्या हिशेबानंच. मग पोरं घड्याळावरनं भांडायला लागली म्हणून टोकन केली. पितळेची. लेथवाल्याकडनं करून घेतली. एक असंल बघ कुठंतरी." आतून त्यांच्या सूनबाईंनी डबा आणून दिला, त्यात बटणांबरोबर ते टोकन होतं. एका बाजूला ठोकून काढलेला नंबर, दुसरी बाजू कोरी.

आता या चार वाक्यांत किती आहे बघा. सुटे भाग कुठून यायचे, दर आकारायची पद्धत का बदलली, गावातल्या लेथवाल्याला यातून काम मिळायचं. "बालपणीच्या आठवणी" विचारून हे मिळालं नसतं. म्हणून प्रश्न धंद्याचे विचारा. पहिलं यंत्र कुणाबरोबर जाऊन आणलं? पैसे कुणाकडून उचलले? नवी कॅसेट आल्याचं पोरांना कसं कळायचं? कोणता गेम लावला की गर्दी व्हायची? परीक्षेच्या दिवसांत काय करायचात? पोलीस, शाळेचे मास्तर, शेजारी, कुणी बंद करायला आलं का? मुली यायच्या का, आणि नसतील तर घरी खेळायच्या का? बंद कधी केलं, आणि यंत्रं कुणाला दिली? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे तुमची पुढची भेट.

उत्तर तेलुगूत किंवा कन्नडमध्ये आलं तर अडवू नका. बोलू द्या, नंतर कुणाकडून तरी मराठी करून घ्या, मूळ आवाज तसाच ठेवा.

एक गोष्ट जपून. बिल नसलेला माल, नकली कॅसेटी, न भरलेला कर, हे विषय निघतात आणि माणूस घाबरतो. सुरुवातीलाच साध्या मराठीत एक कागद लिहून दोघांनी सही करा: हे कोण ऐकणार, नाव घालायचं की नाही, कोणता भाग किती वर्षं बंद ठेवायचा. त्यांनी "हे नको" म्हटलं की तो भाग झाकून ठेवायचा, बोलून मनवायचं नाही.

ठेवायचं कुठे, द्यायचं कुणाला

पत्र्याच्या खोलीत आणि माळ्यावर काहीही ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये बाहेर बेचाळीसच्या पुढे जातं, पत्र्याखाली त्याहून जास्त. घरातली मधली, ऊन न लागणारी खोली, भिंतीपासून वीतभर लांब लोखंडी कपाट, खालचा कप्पा रिकामा. सिलिका जेलच्या पुड्या चालतील. डांबरगोळ्या अजिबात नको, त्यांच्या वासाने प्लास्टिक मऊ पडतं. चादरीत गुंडाळायचा मोह आवरा, धागे आणि धूळ पिनांत जाते.

फाइलींच्या तीन प्रती: एक कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या हार्डडिस्कवर, एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे. पुण्याला पोरगा असेल तर त्याच्याकडे. वहीचीही स्कॅन प्रत त्यातच.

इंटरनेटवर काय टाकायचं? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे ज्याच्याकडे प्रोग्रॅमची कायदेशीर प्रत आहे त्याला ती खराब होईल म्हणून बॅकअप काढता येतो; वाटता येत नाही. हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, म्हणजे यातला बहुतेक माल आपल्या हयातीत मोकळा होणार नाही. तेव्हा गेमच्या फाइली चढवू नका. वस्तूंचे फोटो, तुमची यादी, परवानगी घेतलेल्या मुलाखती टाका. क्लासातल्या मुलाने लिहिलेला गेम असेल तर त्याला शोधा, आज तो चाळिशी-पन्नाशीतला बाप्या असेल, त्याची लेखी परवानगी घ्या आणि त्याच्या पूर्ण नावाने टाका. भारतात निघालेल्या एखाद्या गेमच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात बनवणाऱ्यांची नावं असतील तर ती मोबीगेम्स या गेमची माहिती साठवणाऱ्या साइटवर नोंदवा. १९९९ पासून तिथे हे काम चाललंय आणि कुणालाही भर घालता येते.

वस्तू सगळ्याच घरात ठेवता येत नाहीत. द्यायच्या झाल्या तर आधी गावातलं कॉलेज किंवा वाचनालय बघा, आणि देताना तीन गोष्टी लेखी घ्या: यादीची पोच, बघायला येणाऱ्याला दाखवतील याची हमी, आणि नको झाल्यास परत कळवतील. ही तिसरी अट सोडू नका. संस्थेत माणूस बदलतो आणि नवा माणूस खोकी रिकामी करतो. वहीच्या पहिल्या पानावर तुमच्यानंतर हे कोण बघणार त्याचं नाव, कपाटाची किल्ली कुठे असते आणि हार्डडिस्कचा पासवर्ड कोणाला माहीत आहे, हे लिहा, आणि त्या माणसाला बोलावून एकदा एक फ्लॉपी त्याच्या हाताने उतरवून घ्या.